ह्यांचा उपाशी डबा

"मॅडम, आपल्या स्टेशनचा इतिहास हवाय," नवा साहेब म्हणाला. "तीस-तीस सेकंदांचे तुकडे करू. शुक्रवारच्या शेवटच्या कार्यक्रमात गाण्यांच्या मधेमधे टाकू. लोकांना छान वाटेल."

तीस सेकंदांत मी नमस्कारसुद्धा पुरा करत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण साहेब नवा, कंपनीने पाठवलेला, माझ्या लेकीपेक्षा लहान, पायात पांढरेशुभ्र बूट. त्याच्यावर चिडावं तर तो लगेच "सॉरी मॅडम" म्हणतो आणि आपली चीड फुकट जाते.

कंपनीने आमचं रेडिओ स्टेशन विकत घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी बाराला आमच्या खोल्यांमधलं प्रसारण बंद होणार आणि पुढे सगळं मोठ्या शहरातून, कॉम्प्युटरवरून येणार. गाणी तिथली, बोलणारेही तिथले, इथलं सामान भंगारात. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वय झालंय, कधीतरी हे व्हायचंच होतं. माझी झोप उडाली होती ती त्या सामानातल्या एका डब्यापायी. आता डब्याचं सांगायचं तर इतिहास आलाच, आणि तो काही तीस सेकंदांत मावत नाही. तेव्हा जरा ऐसपैस बसा.

हे स्टेशन आम्ही दोघांनी काढलं, मी आणि ह्यांनी. हे म्हणजे आमचे हे. नाव घ्यायला मी लाजते अशातला भाग नाही, पण सगळा संसार 'अहो'वर भागलाय, आता कशाला जिभेला नवी सवय लावा? हे इंजिनिअर. वायरी, स्क्रू, दिवे यांच्याशी ह्यांचं फार छान जमायचं. माणसांशी फक्त "हं". होकाराचा हं, नकाराचा हं, भूक लागल्याचा हं, 'तुझ्या आईला कधीपर्यंत राहायचंय' याचा हं. सगळे वेगवेगळे, पण ते ओळखायला माझ्याइतकी वर्षं घालवावी लागतात. मी मात्र जन्मतानाच तोंडाचा पट्टा सोडून आले असणार. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही म्हणतात. तेव्हा आमची वाटणी पहिल्या दिवशीच झाली: यंत्र ह्यांचं, तोंड माझं.

जागा मिळाली टायरच्या दुकानावर. एका खोलीत स्टुडिओ, दुसरीत बाकी सगळं, आणि वर गच्चीत पत्र्याची खोली, तिच्यात ट्रान्समीटर. खाली टायरवाला, तोच घरमालक. त्याचा हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आमच्या पायाखालची फरशी थरथरायची. बातम्यांच्या वेळी तरी बंद करा हो, म्हणून मी रोज जिन्यात उभी राहून ओरडायची, तो रोज "आत्ता बंद करतो, ताई" म्हणायचा, आणि कॉम्प्रेसर आपला घरघरत राहायचा. रबराचा वास केसांत इतका मुरला होता की बाजारात लोक मला डोळे मिटून ओळखत.

'हिट गाण्यांचं स्टेशन' हे आमचं बिरुद कसं पडलं, तेही सांगते. साहेबाला वाटतं आम्ही लोकांची आवड अभ्यासली. डोंबलाची आवड! आमच्याकडे रेकॉर्डीच मोजक्या होत्या. एक बुटांचं खोकं होतं, ते भरायलासुद्धा कमी पडल्या. मग तीच गाणी सकाळी, तीच दुपारी, तीच संध्याकाळी. लोकांना वाटलं, ज्या अर्थी इतकी वाजतात त्या अर्थी ही गाजलेलीच असणार. पहिल्यांदा कंटाळले, मग गुणगुणायला लागले, मग ती लावा म्हणून फोन करायला लागले. रोज तेच तेच ऐकलं की माणसाला आवडायला लागतं. लग्नाचंही तसंच असतं म्हणा.

आता डबा. स्टेशन सुरू झालं त्याच आठवड्यात ह्यांनी तो बनवला. पत्र्याचा, कणकेच्या डब्याएवढा, चारी बाजूंनी कथलाचा डाग देऊन बंद केलेला, वर एक लाल दिवा. रेडिओत सगळ्यात वाईट काय, तर डेड एअर. म्हणजे स्टेशन चालू आहे, पण आवाज नाही. ऐकणारा म्हणतो, मेले वाटतं, आणि बटण फिरवतो. ह्यांचा डबा असा की स्टुडिओतून अर्धं मिनिट काहीच आवाज आला नाही, तर तो आपणहून जागा होणार, आतली टेप फिरणार आणि टेपवरचा निरोप हवेत जाणार. पुन्हा आवाज आला की डबा गप्प. निरोप ह्यांच्याच आवाजात, कारण मला विचारायचं ह्यांना सुचलंच नाही. त्या दुपारी मला खाली टायरच्या दुकानात पाठवून हे स्टुडिओत एकटेच दार लावून बसले. मी टायरांवर बसून सबंध दुपार घालवली. बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने चिंब.

"एवढं काय बोलत होतात?" मी विचारलं.

"थोडंच," हे म्हणाले.

"ऐकवा की."

"ऐकायची वेळ येऊ नये," हे म्हणाले, आणि डब्याला शेवटचा डाग देऊन टाकला. लागोपाठ दोन वाक्यं! मी इतकी चाट पडले की पुढे विचारायचं राहूनच गेलं.

आणि ती वेळ मी येऊच दिली नाही. माझ्या राज्यात डेड एअर? शक्यच नाही. रेकॉर्ड सापडत नसली की मी हवामान सांगायची. हवामान संपलं की शेजारणीचं भांडण सांगायची, नाव न घेता, पण शेजारीण ओळखायची आणि फोन करून तिची बाजू मांडायची. लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी गाण्याची ओळख करून देत होते. ती पुरी केली, सगळ्यात लांब गाणं लावलं, आणि मगच जिना उतरले. रात्रीच्या गाण्यांना दुसरं माणूस असायचं, पण माझ्या उशाशी रेडिओ. दोन गाण्यांच्या मधे जरा जास्त वेळ गेला की मी झोपेतून ताडकन उठून फोन लावायची, "अरे, जिवंत आहेस ना?" माझ्या धाकाने सगळे बोलत सुटायचे. दर वर्षी स्टेशनच्या वाढदिवसाला हे गच्चीत जाऊन डब्यावरची धूळ पुसायचे, चाचणीचं बटण दाबून लाल दिवा लागतो का बघायचे, आणि मी चिडवायची, "काय म्हणतोय तुमचा उपाशी डबा? यंदाही नाही ना मिळालं काही खायला?"

"हं," हे म्हणायचे. तो कुठला हं होता, ते मला कधी नीट कळलं नाही.

एकदाच डब्याच्या तोंडाशी घास आला होता. हे वायर आणायला बाहेर गेले होते. मी एक गाणं लावून धुतलेले कपडे वाळत घालायला गच्चीत गेले आणि वाऱ्याने दार आपटून पलीकडून कडी पडली. म्हटलं झालं, आता गाणं संपणार आणि माझी अब्रू जाणार. पण तेवढ्यात खाली कॉम्प्रेसर सुरू झाला, फरशी हादरली, आणि रेकॉर्डवरची सुई अडकली. गाण्यातली बाई 'थांब जरा' म्हणते, तिथेच. थांब जरा, थांब जरा, थांब जरा. हे परत येऊन कडी काढेपर्यंत ती बाई साऱ्या गावाला थांबवत होती. डब्याला शांतता लागते, कटकट कुठलीही चालते, त्यामुळे तो बिचारा गप्पच. दुसऱ्या दिवशी फोनवर फोन, "ते कालचं अडकलेलं लावा ना!" पाच आठवडे ते पहिल्या नंबरावर होतं. रोज त्या ओळीला मी टेबलावर बुक्की मारून सुई अडकवायची. पुढे ती गायिका खुद्द गावात कार्यक्रमाला आली आणि तिने 'थांब जरा' एकदाच म्हटलं. लोकांनी गोंधळ घातला, बाई पैसे घेऊन अर्धंच गाते म्हणून!

असं सगळं मजेत चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, माणूस राहिला, आवाज गेला. मी डॉक्टरांना म्हटलं, "हरकत नाही, तसाही तो वापरात नव्हता." सगळे हसले, हेही हसले. घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. कारण ते 'हं' होते ना, ते गेल्यावर कळलं की दिवसभर मी कुणाशी बोलत होते. आता मी काहीही बोलले की ते तसंच हवेत लोंबकळत राहतं.

आमची नात तेव्हा अगदी लहान होती, तिला काहीच आठवत नाही. आता ती पाच वर्षांची आहे आणि प्रश्न विचारणं हाच तिचा धंदा.

"आजी, आजोबा कसे बोलायचे?"

मी छाती भरून "हं" करून दाखवलं.

"ते तर म्हैस बोलते," नात म्हणाली. "आजोबा कसे बोलायचे?"

मग मी आणि लेकीने घरातल्या जुन्या कॅसेटी, फिती, सगळं धुंडाळलं. नातीला आजोबांचा आवाज ऐकवायचाच, असं मी मनावर घेतलं होतं. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज टिपले, त्याचा आवाज टिपणार कोण? प्रत्येक टेपवर मी. मीच बोलतेय, मीच हसतेय, मीच कुणाला तरी झापतेय. लेकीच्या लग्नाच्या चित्रीकरणात हे एकदाच दिसतात, तेही पाठमोरे, फ्यूज बसवताना.

"आई, डब्यात आहे की," लेक म्हणाली. "एकच जागा उरली. तेवढ्यातच बाबा बोललेत."

मी लगेच ह्यांच्याकडे गेले. हे नातीच्या पाटीवर लिहून बोलतात. मी म्हटलं, "अहो, तो डबा फोडा आणि टेप काढा. शुक्रवारी सगळं भंगारात जाणार आहे."

ह्यांनी लिहिलं, "फोडला तर टेप तुटेल. जुनी आहे. आतच फिरली तर फिरेल. एकदा, फार तर थोडा वेळ."

"मग फिरवा."

"बटणाने दिवा लागतो फक्त. टेप फिरते ती शांतता झाली तरच."

"पण फिरेल ना?"

ह्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "माहीत नाही."

ह्यांना यंत्राबद्दल काही माहीत नाही, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दर वर्षी धूळ पुसताना ह्या माणसाच्या मनात हेच असणार: चालतो का हा? आणि मी दर वर्षी फिदीफिदी हसत होते.

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली, ती यापायी. शुक्रवारी बाराच्या आत कुणीतरी गप्प बसायला हवं होतं, आणि त्या वेळी माईकसमोर मीच असणार होते. दुसऱ्या कुणाला जमलंही असतं. पण मी? आणि समजा बसले गप्प, आणि डबा चाललाच नाही तर? मग शेवटच्या दिवशी सबंध गावासमोर स्टेशन मुकं पडणार, कंपनी बोंब मारणार, आणि ह्यांना कळणार की आपण एवढी वर्षं एका मेलेल्या डब्याची धूळ पुसत होतो.

"आई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," लेक म्हणाली. "बाबांना विचार तरी."

"विचारलं तर ते नाही म्हणतील. आणि पाटीवरचं नाही खोडून टाकता येतं, पण मला वाचल्यावर विसरता येत नाही."

मी घरी सराव सुरू केला. रात्री जेवायला बसले आणि तोंडाला कुलूप लावलं. म्हटलं, बघू किती वेळ जमतंय. लेकीने भात वाढला, मी बोलले नाही. नातीने पाणी सांडलं, मी बोलले नाही. एवढ्यात ह्यांनी जेवणातून मान वर केली, माझ्याकडे रोखून पाहिलं, उठले, डावा हात माझ्या कपाळाला लावून ताप बघितला, आणि पाण्याचा पेला आणून माझ्यासमोर ठेवला.

"अहो, काही झालेलं नाही मला!" मी ओरडले. सराव संपला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाकडे गेले. "ते तुकडे म्हणालात ना, तीस सेकंदांचे. त्यात मी काय वाटेल ते करू?"

"अर्थात मॅडम. इतिहास तुमचा आहे. फक्त तीसच्या वर जाऊ नका, प्लीज."

"बारीकसारीक बदलणार नाही ना मागून?"

"अजिबात नाही. शब्द देतो."

बिचारा. शब्द देताना माणसाने निदान समोर कोण आहे ते बघावं.

शुक्रवारी सकाळी हे गच्चीत गेले ते नातीला घेऊनच. जुना ट्रान्समीटर बाराला आपल्या हाताने बंद करायचा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. मी खाली स्टुडिओत. आमच्यात काचेची एक भिंत आहे, तिच्या पलीकडे साहेब, हातात फोन. खिडकीत माझा छोटा रेडिओ, आमच्याच स्टेशनवर लावलेला. आपण काय हवेत सोडतोय, ते मी नेहमी त्यावरच ऐकते. माईक उघडला की तो बंद, माईक बंद केला की तो चालू.

मी सगळं सांगितलं. बुटांचं खोकं, शेजारणीचं भांडण, कळा, अडकलेलं गाणं. तीस सेकंदांचे तुकडे दोन-दोन मिनिटांचे झाले, साहेब काचेमागून बोटं दाखवत होता, मी त्याच्याकडे बघून गोड हसत होते. फोन इतके येत होते की टेबल थरथरत होतं. का खालचा कॉम्प्रेसर होता तो, कोण जाणे.

बाराला थोडा वेळ उरला. शेवटचं गाणं संपत आलं. मी माईक उघडला.

"मंडळी," मी म्हटलं, "आता इतिहासाचा शेवटचा तुकडा. हा मला सांगता येत नाही. पण जाऊ नका कुठे."

आणि माईक बंद केला.

देवा रे! अर्धं मिनिट म्हणजे काय असतं, ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. खिडकीतल्या रेडिओतून नुसती बारीक खरखर. माझा हात आपोआप बटणाकडे जायला लागला. मी तो ओढून मांडीखाली दाबला आणि वर बसले. काचेमागे साहेबाने आधी अंगठा वर केला, त्याला वाटलं मी श्वास घेतेय. मग त्याचा अंगठा हळूहळू खाली आला. मग तो उभा राहिला. मग काचेवर टकटक करायला लागला. त्याच्या फोनवर वरून कुणाचा तरी फोन आला असावा, कारण तो नुसताच "सर, सर, सर" म्हणताना दिसत होता.

आणि एक जाणवलं. पायाखालची फरशी थरथरत नव्हती. टायरवाल्याने कॉम्प्रेसर बंद केला होता. एवढ्या वर्षांत न सांगता पहिल्यांदा! म्हणजे तोही खाली कान देऊन ऐकत होता.

माझ्या तोंडात शब्दांची रांग लागली होती. नुसतं 'हवामान' म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. मला वाटलं, नाही चालणार. गंजला असणार तो. अर्धं मिनिट केव्हाच झालं असेल, आणि वर हे नातीचा हात धरून त्या लाल दिव्याकडे बघत उभे असतील, आणि मी त्यांची सगळ्या गावात फजिती केली. मी मांडीखालचा हात बाहेर काढला. बटणावर ठेवला.

रेडिओत खट्ट झालं.

मग कुणीतरी घसा खाकरला. तरुण माणूस. परत खाकरला. मग बोलला.

"नमस्कार. मी... इंजिनिअर बोलतोय. आवाज येत नाहीये, म्हणजे काहीतरी बिघडलंय. दुरुस्त होईल. कुठे जाऊ नका."

मी तोंडावर हात धरला. तोच. तोच आवाज, जरा पातळ, जरा घाबरलेला, जसा आमच्या लग्नात होता. मला वाटलं संपलं. पण नुसता श्वास ऐकू येत होता. त्या दुपारी, मी टायरांवर बसले होते तेव्हा, हे इथे, याच खुर्चीत, असे श्वास घेत बसले असतील.

"एरवी इथे आमची ही बोलते," आवाज म्हणाला. "ती अशी गप्प बसणारी नाही. ती गप्प आहे म्हणजे..." पुन्हा श्वास. "घाबरू नकोस गं. पाणी पी. मी आलोच."

खट्ट. आणि टेप फिरून पुन्हा पहिल्यापासून. नमस्कार. मी इंजिनिअर बोलतोय.

म्हणजे श्रोत्यांसाठी एवढंसं, आणि बाकीचं माझ्यासाठी! सगळी दुपार घालून, घाम गाळून, माझ्यासाठी करून ठेवलं आणि डाग देऊन बंद केलं. आणि मला वाटायचं, ह्यांना मला विचारायचं सुचलंच नाही. मी ओक्साबोक्शी रडायला लागले. माईक बंद होता म्हणून बरं, नाहीतर माझ्या हुंदक्यांनी डबा लगेच गप्प झाला असता.

साहेब दार ढकलून आत आला. कानाला फोन होता, तो त्याने खाली घेतला. रेडिओकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, "मॅडम, तीस सेकंद ठरले होते."

"माझे तीसच झाले," मी नाक पुसत म्हटलं. "हे पुढचे ह्यांचे आहेत."

तो काचेपलीकडे जाऊन बसला. टेबलावरचा फोन वाजला, मी उचलला. एक बाई विचारत होती, "हे गाणं नवीन आहे का हो? परत लावाल?" तिला काय सांगणार, ते आत्ताच परत लागलंय म्हणून.

मग गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजली. एक जड, एक उड्या मारणारं. आधी नात आत घुसली, लालबुंद झालेली.

"आजी! दिवा लागला! आजोबा बोलले! तू गप्प बसलीस ना, म्हणून आजोबा बोलले!"

"हो गं सोन्या."

नात विचारात पडली. "मग तू आधीच का नाही गप्प बसलीस?"

मागे दारात हे उभे होते, डोळे पाण्याने भरलेले, आणि हातात पाण्याचा पेला. वरून खाली येताना अर्धं सांडलं होतं. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. खिडकीतून तरुण माणूस पुन्हा म्हणत होता, घाबरू नकोस गं, पाणी पी, मी आलोच.

मी पाणी प्यायले. काचेमागून साहेब माईककडे बोट दाखवत होता, बारा वाजत आले होते, शेवटचा निरोप मीच द्यायचा होता.

मी मान हलवली. म्हटलं बोलू दे ह्यांना, टेप चालतेय तोवर.